धूळ, दमा आणि दाखला : ठाणे–घाटकोपर पट्ट्यातील अ‍ॅस्बेस्टॉसजन्य रोगाचा नामेतिहास

१

ठाण्याच्या नौपाड्यातून तीन हात नाक्यावर आले म्हणजे लालबहादूर शास्त्री मार्ग लागतो. जुन्या पिढीच्या तोंडी तो अद्याप आग्रा रोडच आहे. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर आणि कुर्ला ही एके काळची गावे ओलांडीत तो शीवपर्यंत जातो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे सुमारे चार दशके ह्या रस्त्याचा परिसर मुंबई इलाख्यातील, आणि पुढे महाराष्ट्रातील, अत्यंत गजबजलेल्या कारखानदारी पट्ट्यांपैकी एक होता. पहाटेच्या पाळीला जाणारा आणि रात्रपाळीहून परतणारा कामगार हे येथील नित्याचे दृश्य असे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या चाळींतून असंख्य माणसे डबा घेऊन ह्या पट्ट्यात कामाला जात.

ह्या पट्ट्याचा औद्योगिक इतिहास भांडवल, उत्पादन आणि संप ह्यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. येथे काम करणाऱ्यांच्या फुफ्फुसांचा इतिहास मात्र विखुरलेला राहिला. प्रस्तुत निबंधात त्या इतिहासाचा एकच धागा घेतला आहे. तो म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस ह्या खनिजाच्या धुळीमुळे होणारा रोग. प्रस्तुत लेखक वैद्य नाही, भाषेचा अभ्यासक आहे. तेव्हा हा विषय त्याने का घ्यावा, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ह्या रोगाच्या इतिहासात निर्णायक ठरलेला प्रश्न बहुतेक वेळा नावाचा होता. रोगाला काय म्हणावयाचे, कोणी म्हणावयाचे आणि कोणत्या कागदावर म्हणावयाचे, ह्यावर माणसांना भरपाई मिळणे वा न मिळणे अवलंबून राहिले. व्याधी शरीरात एकदा जन्म घेते आणि दप्तरात दुसऱ्यांदा. ह्या दोन जन्मांमध्ये किती वर्षे गेली आणि का गेली, हे पाहणे हा ह्या निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम खनिजाच्या नावाचा विचार करू. ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ हा शब्द मुळात ग्रीक असून त्याचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. ग्रीक भाषेत तो प्रामुख्याने कळीच्या चुन्यास लावला जात असे, आणि आजच्या ग्रीक भाषेतही त्याच्याशी संबद्ध शब्द चुन्याचाच वाचक आहे. तंतुमय खनिजास ग्रीक लोक ‘अमिआंतोस’, म्हणजे ‘न मळणारे’ म्हणत. फ्रेंच आणि इटालियन भाषांत हेच नाव पुढे रूढ झाले. लॅटिन ग्रंथपरंपरेत ह्या दोन नावांची सरमिसळ झाली आणि इंग्रजीमार्फत आपल्याकडे आला तो चुन्याचा शब्द. ‘न मळणारे’ ह्या नावामागील अनुभव सरळ आहे. ह्या खनिजाच्या तंतूंचे वस्त्र मळले असता विस्तवात टाकीत. मळ जळून जाई आणि वस्त्र स्वच्छ निघे.

संस्कृतात ह्यास समांतर असा ‘अग्निशौच’ हा शब्द आढळतो. देवीमाहात्म्यात शुंभाच्या वैभवाचे वर्णन करताना अग्नीने त्याला दिलेल्या वस्त्रयुगुलास हेच विशेषण लावले आहे. ही वस्त्रे ह्याच खनिजाची होती असे निश्चयाने म्हणता येत नाही. तथापि अग्नीने शुद्ध होणाऱ्या वस्त्राची कल्पना भूमध्यसागराच्या किनाऱ्यावर आणि आपल्याकडे सारखीच परिचित होती, एवढे त्यावरून दिसते.

येथे एका रूढ समजाविषयी सावध केले पाहिजे. अ‍ॅस्बेस्टॉस विणणाऱ्या गुलामांना फुफ्फुसाचा रोग होतो हे प्लिनीने नोंदविले होते, असे विधान अनेक ग्रंथांत आढळते. एका लेखकावरून दुसऱ्याने ते उचलले आहे. मूळ ग्रंथात त्याला आधार सापडत नाही. प्लिनीने प्राण्यांच्या मूत्राशयाचा मुखवटा बांधणाऱ्या कामकऱ्यांचा उल्लेख केला आहे खरा, परंतु तो तांबडा शेंदरी रंग तयार करणाऱ्यांसंबंधी आहे. प्राचीनांना सर्व ठाऊक होते, असे मानण्याचा मोह अभ्यासकाने आवरावयास हवा. प्रस्तुत विषयात तर तो विशेषच आवरावयास हवा. कारण येथील खरा दोष अलीकडचा असून त्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत.

३

औद्योगिक युगात ह्या खनिजाला दोन मोठे उपयोग लाभले. पहिला सुताचा. इंग्लंडातील रॉचडेल येथे टर्नर ब्रदर्स ह्या कापूसधंद्यातील घराण्याने १८७९ साली यंत्रमागावर अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड विणण्यास आरंभ केला. ह्या धंद्यातील प्रक्रिया आणि तिची परिभाषा दोन्ही कापसाच्या गिरणीतून आल्या. पिंजण, कताई, विणाई हीच खाती आणि हीच कामे; फक्त पेळूत कापसाऐवजी दगडाचा तंतू. गिरणगावाची ज्यांना माहिती आहे त्यांना पिंजणखात्यातील हवा कशी असते हे निराळे सांगावयास नको. कापसाच्या धुळीनेही छाती भरून येते. परंतु कापसाचा तंतू शरीरात कालांतराने विघटित होतो, दगडाचा होत नाही.

दुसरा उपयोग सिमेंटचा. ऑस्ट्रियातील लुडविग हाचेक ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी सिमेंट आणि अ‍ॅस्बेस्टॉस ह्यांच्या ओल्या लगद्यापासून पातळ, कणखर पत्रे बनविण्याची कृती शोधून काढली आणि त्या मालास ‘एटर्निट’ असे नाव दिले. हे नाव लॅटिन भाषेतील अनंतकालवाचक शब्दावरून साधले आहे. ह्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉसचा अंश साधारणतः दहा टक्क्यांच्या आसपास असतो, उरलेला भाग मुख्यतः सिमेंटचा. त्यामुळेच आपल्याकडे त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणण्याचा प्रघात पडला. ‘पत्रा’ हा शब्द ‘पत्र’ म्हणजे पान ह्यावरून आला. पातळपणा हा त्यातील अर्थांश. ‘सिमेंटचा’ हे विशेषण पदार्थाच्या मोठ्या अंशावरून लागले. ज्या लहान अंशामुळे पत्रा टिकतो आणि ज्याच्यामुळे तो घातकही ठरतो, त्या अंशाचा उच्चार बोलीतल्या नावातून गळून पडला. ह्यात कोणाचा डाव होता असे नव्हे. बोली आपल्या सोयीने नावे ठेवते. परंतु परिणाम असा झाला की, घराच्या माथ्यावर अ‍ॅस्बेस्टॉस आहे हे कित्येक कुटुंबांना ठाऊकच नव्हते.

गाड्यांच्या ब्रेकची अस्तरे हाही ह्या खनिजाचा मोठा उपयोग. डर्बीशरमधील हर्बर्ट फ्रूड ह्याने १८९७ साली ह्या धंद्यास आरंभ केला आणि आपल्या आडनावाच्या अक्षरांची फिरवाफिरव करून, तीत एका अक्षराची भर घालून, ‘फेरोडो’ हे व्यापारी नाव सिद्ध केले. १९२० साली टर्नर अँड न्यूअल ही संयुक्त कंपनी उभी राहिली आणि १९२६ साली फेरोडो तिच्यात विलीन झाली.

ह्याच टर्नर अँड न्यूअलच्या शाखा हिंदुस्थानात आल्या. अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंट लिमिटेड ही कंपनी १९३४ साली स्थापन झाली. मध्य प्रांतातील कैमूर येथील कारखान्यामागोमाग त्याच दशकात मुंबईच्या उंबरठ्यावर, मुलुंड येथे, तिचा कारखाना सुरू झाला. ‘एव्हरेस्ट’ हे तिच्या मालाचे नाव घराघरांत पोचले. पुढे घाटकोपरला आग्रा रोडवर हिंदुस्तान फेरोडोचा कारखाना निघाला. तेथे ब्रेकची अस्तरे आणि अ‍ॅस्बेस्टॉसचे कापड तयार होई. अर्थात पिंजण, कताई आणि विणाई ही तिन्ही कामे येथे आली. ह्या कारखान्याचे नाव कालांतराने हिंदुस्तान कॉम्पोझिट्स असे झाले.

४

मुलुंडचा कारखाना ज्या दशकात उभा राहिला त्या वेळी ह्या धुळीविषयी काय ठाऊक होते, हा इतिहासाचा कळीचा प्रश्न आहे.

१८९८ साली इंग्लंडातील स्त्री कारखाना-निरीक्षक ल्यूसी डीन ह्यांनी आपल्या अहवालात अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीचे कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेसारखे तीक्ष्ण आणि दातेरी दिसतात, असे नोंदवून त्यांच्या घातकपणाकडे लक्ष वेधले होते. त्यानंतर लंडनमधील डॉ. मॉन्टेग्यू मरे ह्यांनी एका कामगाराचा वृत्तांत १९०६ साली सरकारी समितीपुढे सांगितला. तो पिंजणखात्यात काम करीत होता. आपण त्या खोलीत कामास लागलो तेव्हा जी दहा माणसे होती त्यांपैकी आपण एकटेच जिवंत राहिलो, असे त्याने डॉक्टरांना सांगितले होते. थोड्याच काळात तोही गेला.

ह्यानंतरचे प्रकरण रॉचडेलच्या नेली कर्शॉ हिचे. ती टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे सूत कातीत असे. १९२२ साली तिला काम सोडावे लागले. तिच्या डॉक्टरांनी दाखल्यावर ‘अ‍ॅस्बेस्टॉसची विषबाधा’ असे लिहिले. आता पुढील क्रम पाहावा. आजारपणाचा विमा देणाऱ्या संस्थेने सांगितले की, हा आजार धंद्यामुळे झालेला आहे, सबब आमच्याकडून पैसे मिळणार नाहीत. कारखान्याने सांगितले की, अ‍ॅस्बेस्टॉस विषारी नाही, असा रोगच ज्ञात नाही आणि हे नाव आम्हांस मान्य नाही. भरपाईच्या कायद्याने मान्य केलेल्या धंद्यांच्या रोगांच्या यादीतही ह्या रोगाचे नाव नव्हते. अशा रीतीने एकाच दाखल्यावरील एकाच नावाने तिला एका दारातून बाहेर काढले आणि दुसऱ्या दारातून आत घेतले नाही. १९२४ च्या मार्च महिन्यात, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी ती वारली. डॉ. विल्यम कुक ह्यांनी तिच्या फुफ्फुसांची तपासणी करून त्याच वर्षी वैद्यकीय नियतकालिकात वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि १९२७ साली ह्या विकारास ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. रोग ज्ञात नाही हे म्हणणे त्यानंतर कोणालाही शक्य नव्हते.

१९३० साली मेरिवेदर आणि प्राइस ह्यांचा अहवाल ब्रिटिश संसदेपुढे आला. ३६३ कामगार तपासून त्यांपैकी ९५ जणांच्या फुफ्फुसांत तंतुमय काठिण्य आल्याचे त्यांनी दाखविले. नोकरीची वर्षे जसजशी अधिक, तसतसे हे प्रमाणही अधिक, असेही त्यांना आढळले. १९३१ साली इंग्लंडात धूळ ओढून घेणारी यंत्रे बसविणे आणि कामगारांची वैद्यकीय तपासणी करणे ह्यांविषयीचे नियम झाले.

कालक्रम एकत्र मांडला म्हणजे चित्र स्पष्ट होते. रोगाला नाव १९२७ साली मिळाले, नियम १९३१ साली झाले, आणि त्याच मालकीची हिंदुस्थानातील कंपनी १९३४ साली निघाली. ज्ञान मँचेस्टरला होते आणि कारखाना मुलुंडला. दोहोंच्या मधे समुद्र होता, परंतु मालक एकच होता. ब्रिटिश नियमांची सत्ता ब्रिटनमधील कारखान्यांपुरती होती. हिंदुस्थानात १९२३ साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला होता आणि त्याला धंद्यांच्या रोगांची यादीही जोडलेली होती. पण नाव यादीत असणे आणि माणूस त्या नावाखाली येणे ह्यांत किती अंतर असते, हे पुढे दिसेलच.

५

रोगाचे स्वरूप थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण त्याच्या संथपणातच त्याच्या नाकारले जाण्याचे रहस्य आहे. अ‍ॅस्बेस्टॉसचा तंतू उभा चिरत जातो आणि डोळ्यांना न दिसण्याइतका बारीक होतो. श्वासाबरोबर तो फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोचतो. तेथील भक्षक पेशी त्यास गिळू पाहतात. परंतु लांब तंतू त्यांना पुरता गिळता येत नाही. त्या स्वतः नष्ट होतात, दाह सुरू राहतो आणि मऊ, लवचीक ऊतीच्या जागी हळूहळू कठीण व्रणऊती तयार होते. हाच अ‍ॅस्बेस्टॉसिस. चढण चढताना धाप लागते, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. कामाला लागल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा दहा ते वीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. झालेले काठिण्य औषधाने परत जात नाही, आणि काम सोडल्यानंतरही रोग वाढू शकतो.

ह्याखेरीज दोन कर्करोग आहेत. रिचर्ड डॉल ह्यांनी १९५५ साली दाखविले की, दीर्घकाळ ह्या धुळीत काम केलेल्यांना फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण लोकांच्या सुमारे दहापट होता. विडी-सिगारेटची सवय असेल तर दोन्ही धोके मिळून फार मोठे होतात. १९६० साली वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील खाणींच्या मुलखातील ३३ रुग्णांवरून फुफ्फुसावरणाच्या ‘मेसोथेलिओमा’ ह्या दुर्मिळ कर्करोगाचा ह्या खनिजाशी असलेला संबंध दाखविला. त्यांतील कित्येकांनी खाणीत कधी काम केलेले नव्हते. ते केवळ त्या परिसरात वाढले होते. हा कर्करोग प्रकट होण्यास तीस-चाळीस वर्षेही लागतात. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये अर्विंग सेलिकॉफ ह्यांनी उष्णतारोधक लेप लावणाऱ्या बांधकाम कामगारांतही हेच रोग दाखविले. म्हणजे तयार माल हाताळणारेही सुरक्षित नव्हते. पुढल्याच वर्षी लंडनमधील न्यूहाउस आणि टॉम्सन ह्यांच्या अभ्यासात ज्या ७६ रुग्णांचा पूर्ववृत्तांत मिळाला, त्यांपैकी नऊ जणांनी कारखान्यात कधी पाऊल टाकलेले नव्हते. त्यांच्या घरात मात्र अ‍ॅस्बेस्टॉसचा कामगार राहत होता. कामावरचे कपडे घरी येत आणि ते झटकून धुण्याचे काम बहुधा घरच्या स्त्रीकडे असे.

आज जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगसंशोधन संस्थेने अ‍ॅस्बेस्टॉसच्या सर्व प्रकारांची, क्रायसोटाइल म्हणजे पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉससह, मानवास कर्करोगकारक म्हणून निश्चित गणना केलेली आहे.

६

आता पुन्हा आग्रा रोडवर येऊ. १९८१ साली अमेरिकन अभ्यासक बॅरी कॅसलमन ह्यांनी ‘न्यू सायंटिस्ट’ ह्या ब्रिटिश साप्ताहिकात भारतातील अ‍ॅस्बेस्टॉस-धंद्याविषयी लिहून, एकाच धंद्याची स्वदेशात एक रीत आणि परदेशात दुसरी रीत का, असा प्रश्न जाहीरपणे उपस्थित केला. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना अधिनियमात दुरुस्ती झाली. धोक्याच्या प्रक्रियांसाठी निराळे प्रकरण घातले गेले आणि स्वतःच्या आरोग्याच्या नोंदी पाहण्याचा अधिकार कामगारास मिळाला. अहमदाबादच्या एका ग्राहकसंस्थेने केलेल्या याचिकेवर २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निर्णय ह्या विषयात सर्वांत महत्त्वाचा होय. कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे, किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, ह्यांपैकी जो काळ नंतर संपेल तोपर्यंत जपून ठेवावी असा आदेश दिला. रोग सिद्ध झालेल्यास एक लाख रुपये भरपाई द्यावी, असेही ठरविले.

इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या आदेशाकडे निराळ्या दृष्टीने पाहावे. रोग वीस-तीस वर्षांनी प्रकट होतो, म्हणून दप्तरही तितकेच टिकले पाहिजे, हे न्यायालयाने ओळखले. हा खरे पाहता दप्तरखान्याविषयीचा आदेश आहे.

त्यानंतर दहा वर्षांनी, २००५ साली, डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे ह्यांचा घाटकोपरच्या ह्याच कारखान्यातील कायम कामगारांविषयीचा अभ्यास ‘एन्व्हायरन्मेंटल हेल्थ’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी कामावर असलेल्या २३२ कामगारांपैकी १८१ जण तपासणीस आले. प्रत्येकाचा कामाचा पूर्ववृत्तांत, छातीचे क्ष-किरण चित्र आणि श्वसनक्षमतेची चाचणी घेतली गेली. सुमारे २२ टक्के कामगारांत अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. १९३० च्या ब्रिटिश अहवालातील प्रमाण सुमारे २६ टक्के होते. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती भिन्न असल्यामुळे ह्या आकड्यांची काटेकोर तुलना करता येणार नाही. तथापि पाऊणशे वर्षांनंतर, धूळ आवरण्याचे उपाय माहीत असताना, आकडे इतके जवळ यावेत ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

ह्याच शोधनिबंधात लेखकांनी म्हटले आहे की, भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात येणाऱ्या अंदाजे एक लाख कामगारांपैकी तीस जणांनाही भरपाई मिळालेली नव्हती. ह्याची जी कारणे ते देतात त्यांत एक असे की, अ‍ॅस्बेस्टॉसिसचे निदान क्षय किंवा जुनाट श्वासनलिकादाह असे केले जाई. दुसरे असे की, धंद्यांच्या रोगांचे निदान करण्याचे शिक्षणच डॉक्टरांना पुरेसे मिळत नसे. ह्या अभ्यासाचा हेतूही ध्यानात घेण्याजोगा आहे. कामगारांना भरपाईचा हक्क मागता यावा म्हणून त्यांना रोगाचे वैद्यकीय दाखले मिळवून देणे हे त्याचे प्रकट उद्दिष्ट होते.

७

क्षय आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस ह्या दोन नावांत फरक कोणता? खोकला दोहोंत, धाप दोहोंत, वजन उतरणे दोहोंत. ज्या गावात क्षय सर्वत्र आहे तेथे डॉक्टरांचे पहिले अनुमान क्षयाकडे जावे, ह्यात नवल नाही. परंतु नावाबरोबर कारण येते आणि कारणाबरोबर जबाबदारी. क्षय संसर्गाने होतो. त्याचे नाव उच्चारताच दृष्टी कामगाराच्या खोलीकडे, चाळीतील दाटीकडे, त्याच्या खाण्यापिण्याकडे आणि व्यसनाकडे वळते. अ‍ॅस्बेस्टॉसिस म्हटले की ती कारखान्याकडे वळते. कारण हा रोग त्या धुळीवाचून होतच नाही. पहिल्या नावाने कामगारास औषधे मिळतात, तीही चुकीची. दुसऱ्या नावाने त्याला हक्क मिळतो.

मराठीच्या वाक्यरचनेचाही येथे विचार केला पाहिजे. व्याधीविषयी आपण बोलतो ते ‘त्याला दमा झाला’, ‘तिला धाप लागते’, ‘बाबांना क्षयाने गाठले’ अशा रीतीने. रोगी चतुर्थीत, म्हणजे जणू त्याला काही दिले गेले अशा रूपात येतो. किंवा व्याधीच कर्ता होऊन बसते. देणारा कोण, हे वाक्यात सांगावे लागत नाही. ‘धुळीने त्याला रोग झाला’ असे म्हटले की करण कळते, परंतु कर्ता तेव्हाही अनुक्त राहतो. ही आपल्या भाषेची उणीव नव्हे. दैवाने आलेल्या दुखण्याविषयी बोलावयास ही रचना योग्यच आहे. परंतु माणसाच्या निर्णयामुळे आलेल्या दुखण्यासही आपण तीच रचना लावतो, आणि मग घरातील माणसेदेखील त्यास दैवाधीन समजू लागतात. ‘त्यांची छाती आधीपासून नाजूकच होती’ हे वाक्य ज्या घरांतून ऐकू येते, त्या घरांत कामाच्या पूर्ववृत्तांताची चौकशी कोणी केलेली नसते. वैद्यकीय दाखला हा अशा वेळी व्याकरणाचे काम करतो. वाक्यातील अनुक्त कर्ता तो उक्त करतो.

ज्याला दाखला मिळाला त्याचे नाव निदान दप्तरात आले. परंतु वर उल्लेखिलेला अभ्यास कायम कामगारांचा आहे. बदली कामगार, कंत्राटदाराची माणसे, पोती उचलणारे हमाल, झाडलोट करणाऱ्या बाया आणि घरी कपडे धुणाऱ्या स्त्रिया ह्यांची नावे हजेरीपटावर नव्हती. तेव्हा नोंदी ४० वर्षे जपण्याचा आदेश त्यांच्यापर्यंत पोचण्यास मार्गच नव्हता. ज्याचा हजेरीपट नाही त्याचा पूर्ववृत्तांत सिद्ध होत नाही, आणि पूर्ववृत्तांतावाचून हे निदान उभे राहत नाही.

८

ब्रिटनने १९९९ साली अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी घातली. टर्नर अँड न्यूअल भरपाईच्या दाव्यांखाली २००१ साली दिवाळखोरीच्या आश्रयास गेली. भारतात ह्या खनिजाचे उत्खनन जवळजवळ थांबले असले, तरी पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात आणि त्याचे पत्रे बनविणे ह्यांवर देशव्यापी बंदी नाही. २०११ साली बंदीची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. धंद्याच्या बाजूने असे म्हटले जाते की, सिमेंटमध्ये पक्का बसलेला तंतू सुटत नाही आणि गरिबाला स्वस्त छप्पर मिळते. ह्यातील पहिले म्हणणे अखंड पत्र्यापुरते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु पत्रा कायम अखंड राहत नाही. त्याला भोके पाडतात, तो कापतात, ऊनपावसाने त्याचा पृष्ठभाग झिजतो आणि एक ना एक दिवस तो फोडला जातो.

नौपाड्यात आज तेच चालले आहे. जुनी बैठी घरे आणि तीन मजली इमारती पाडून तेथे उंच इमले उभे राहत आहेत. मागील अंगणातील न्हाणीघरांवर, जिन्यावर आणि गच्चीच्या शेडवर पन्नास वर्षांपूर्वी घातलेले पत्रे हातोड्याने फोडून खाली टाकले जातात, आणि तोंडाला फडके बांधलेली माणसे त्यांचे तुकडे घमेल्यातून वाहून नेतात. फडक्यातून हा तंतू अडत नाही. पत्रा भिजवून घ्यावा, न फोडता सोडवून उतरवावा, तुकडे कोरडे झाडू नयेत, ते गुंडाळून बंदिस्त ठेवावेत आणि योग्य मुखवटा वापरावा, ही काळजी फार खर्चाची नाही. परंतु ती घेण्यासाठी आधी पत्र्याचे पुरे नाव ठाऊक असावे लागते. ही माणसे एका इमारतीवरून दुसरीवर जातात. त्यांचा हजेरीपट कोठे नाही, आणि त्यांच्या छातीत आज शिरलेला तंतू बोलू लागेल तेव्हा २०४५–५० साल उजाडलेले असेल.

आग्रा रोडच्या दुतर्फा ज्या जागी भोंगे होत होते, तेथे आता दुकानांचे मोठे मजले आणि निवासी इमले आहेत. कारखाने गेले तेव्हा त्यांच्याबरोबर हजेरीपट, पगारपत्रके आणि दवाखान्याच्या वह्याही विखुरल्या. काही संघटनांच्या कपाटांत असतील, काही निवृत्त कामगारांच्या ट्रंकांत. आपल्या विभागातील विद्यार्थी प्रबंधासाठी विषय शोधीत असतात. त्यांपैकी कोणी ठाणे, मुलुंड आणि कल्याण-डोंबिवली येथील जुन्या कामगारांकडे जाऊन कोणत्या सालापासून कोणत्या खात्यात काम केले, एवढे जरी तारखांसह लिहून आणले, तरी त्याचे मोल दुहेरी होईल. इतिहासाला साधन मिळेल. आणि ज्याने ते सांगितले त्याच्या डॉक्टरांपुढे, अद्याप वेळ असेल तर, पूर्ववृत्तांताचा एक कागद ठेवता येईल.